लेकीचा वाटा आणि पाटसकर वकील

आज पीक, खत आणि कीड हे विषय थोडे बाजूला ठेवू. घरातल्या पेटीतून किंवा फडताळातून तुमच्या जमिनीचा सातबारा काढा आणि दिव्याजवळ बसून तो सगळा वाचा. आपण एरवी गट नंबर, क्षेत्र आणि आकार एवढेच पाहतो आणि कागद सोसायटीत नेऊन देतो. आज त्यावरची नावे वाचा. भोगवटादार म्हणून कोणाकोणाची नावे आहेत? थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.क.' अशी तीन अक्षरे आहेत का? ती एकत्र कुटुंब कर्ता याची आहेत. म्हणजे जमीन सगळ्यांची आहे, पण नाव एकाचेच दिसते. मग 'इतर अधिकार' या रकान्याकडे या. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी उताऱ्यांवर तिथे बहिणींची आणि म्हाताऱ्या आईची नावे दाटीवाटीने बसवलेली सापडतात. पाहुण्यांना ओसरीवर बसवावे, तशी.

तरीही ती नावे तिथे आहेत, ही लहान गोष्ट नाही. ७० वर्षांपूर्वी त्यांना ओसरीही नव्हती. तलाठ्याने ते नाव लिहिले ते कायद्याने त्याला लिहावे लागले म्हणून. तो कायदा लोकसभेत मांडून, वाद घालून तडीस नेणारा माणूस आपल्याच महाराष्ट्रातला एक वकील होता. पुढे तो मध्य प्रदेशाचा राज्यपाल झाला. हरि विनायक पाटसकर हे त्यांचे नाव. आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेले नसेल. मीही नोकरीची वीसेक वर्षे होईपर्यंत ऐकले नव्हते. महिला मेळाव्यात बोलायचे म्हणून मी जिल्ह्याच्या गावी एका वयोवृद्ध वकिलांकडे माहिती विचारायला गेलो होतो. ते म्हणाले, "साहेब, कलमे मागाहून सांगतो. आधी कायदा कोणी आणला ते ऐका."

पाटसकरांचा जन्म १५ मे १८९२ रोजी पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरचा. भीमेच्या पाण्याचा, ज्वारीचा आणि पाऊस हुकला की डोळे आभाळाला लागणारा मुलूख. आपल्या परांड्याहून काही फार लांब नव्हे. कायद्याची परीक्षा देऊन त्यांनी खानदेशात वकिली केली. जुन्या मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात ते गेले, काँग्रेसचे काम केले, घटना समितीचे सभासद झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत जळगावातून लोकसभेवर निवडून आले आणि त्यानंतर केंद्रात कायदा खात्याचे मंत्री झाले.

खेड्यापाड्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्याला एक गोष्ट कळते, ती मोठ्या शहरातल्या बॅरिस्टराला कळतेच असे नाही. त्याच्या ओट्यावर सकाळी कोण येऊन बसते? वाटणीवरून भांडलेले भाऊ, बांध कोरल्याची तक्रार घेऊन आलेला शेजारी, आणि पदर डोळ्याला लावून बसलेली एखादी बाई, जिचा नवरा गेला आणि दिरांनी चूल वेगळी करून दिली. पाटसकरांच्या ओट्यावर नेमके कोण बसले ते मी पाहिलेले नाही. पण त्या काळचा कायदा कसा होता ते पाहिले की अंदाज येतो.

तो कायदा असा. आपल्याकडे जी चाल होती तिला मिताक्षर म्हणतात. वडिलार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हक्क. पाळण्यात पोर रडले की त्याचा वाटा लागला. मुलीला तसा हक्क नाही. तिला लग्नाचा खर्च आणि तोपर्यंतचे अन्नवस्त्र. विधवेचे काय? १९३७ साली इंग्रजांच्या राज्यात एक कायदा होऊन तिला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क मिळाला, पण तोही तिच्या हयातीपुरता. जमीन कसावी, खावी, पण अगदी नडीची गरज सिद्ध केल्याशिवाय विकू नये, स्वतःच्या मर्जीने लेकीला देऊ नये. ती मेली की जमीन परत नवऱ्याच्या वारसांकडे. गहाणाच्या बैलासारखे. वैरण तुम्ही घालायची, मालकी दुसऱ्याची.

हे बदलावे म्हणून सरकारने १९४१ साली सर बी. एन. राव यांची समिती नेमली होती. स्वातंत्र्यानंतर कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते काम हाती घेतले. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता. डॉ. आंबेडकरांच्या वेळी तो बरोबरीचा झाला. हिंदू कोड बिल म्हणून ते गाजले. विरोध एवढा झाला की ते रखडत गेले, आणि १९५१ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल बारगळल्याचे कारण ठळक होते.

पंडित नेहरूंनी १९५२ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा काढले, पण युक्ती बदलली. एकाच मोठ्या बिलाऐवजी चार बिले केली. उसाचे ओझे एका खेपेला उचलत नाही म्हणून मोळ्या बांधाव्यात, तसे. विवाहाचा कायदा १९५५ मध्ये झाला. वारसाचा, अज्ञान मुलांच्या पालकत्वाचा, आणि दत्तक व पोटगीचा असे तीन १९५६ मध्ये झाले. यातले विवाहाचे आणि वारसाचे बिल लोकसभेत पुढे नेण्याचे काम पाटसकरांकडे आले. विवाहाच्या कायद्याने पहिली बायको असताना दुसरी करणे देशभर गुन्हा ठरले. मुंबई इलाख्यात ती बंदी १९४६ पासूनच होती. काही ठरावीक कारणांसाठी घटस्फोटाची वाटही मोकळी झाली. पण आपल्या शेतकऱ्याच्या घरात खरा धक्का बसला तो वारसाच्या कायद्याने.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ चा तिसावा कायदा, १७ जून १९५६ रोजी अमलात आला. तारीख ध्यानात घ्या. त्या दिवशी आपला उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आताचा धाराशिव, अजून हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. म्हणजे आपल्या लेकींना कायद्याने वाटा आधी मिळाला, आणि महाराष्ट्र चार वर्षांनी मिळाला! (हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुसलमान बांधवांचा वारसा कायदा निराळा आहे, तेव्हा त्यांनी आपल्या वकिलाला विचारावे.)

लोकसभेत या बिलाला हिंदू महासभेचे एन. सी. चॅटर्जी यांच्यासारख्या नामांकित वकिलांनी विरोध केला. काँग्रेसच्या बाकांवरही नाराज मंडळी पुष्कळ होती. त्या वेळचे आक्षेप आजही गावच्या पारावर जसेच्या तसे ऐकायला मिळतात. एक, जमिनीचे तुकडे होतील. दोन, जावई येऊन जमीन परक्याला विकेल. तीन, भावाबहिणीची माया तुटेल.

पहिल्याचे उत्तर मी शेतीखात्याचा माणूस म्हणून देतो. तुकड्यांची काळजी मला तुमच्यापेक्षा जास्त आहे. अर्ध्या एकराच्या पट्टीत ट्रॅक्टर वळत नाही, हे मी रोज पाहतो. पण चार भाऊ वाटण्या करतात तेव्हा तुकडे होत नाहीत काय? चार भावांच्या वाटणीला कोणी तुकडे म्हणत नाही, आणि पाचवी बहीण आली की लगेच शेती धोक्यात येते! वाटा कागदावर वेगळा असूनही शेत एकत्र कसता येते. ऊसवाले, द्राक्षवाले असे किती कुटुंबांत करतात. तुकडा पडतो तो मोजणीच्या साखळीने. उताऱ्यावर नाव लागले म्हणून बांध पडत नाही.

दुसऱ्याचे उत्तर कायद्यातच आहे, पण ते फार थोड्यांना ठाऊक आहे. या कायद्याचे २२ वे कलम असे सांगते की वारसाने आलेल्या मिळकतीतला वाटा एखाद्या जवळच्या वारसाला विकायचा असेल, तर तो विकत घेण्याचा पहिला हक्क बाकीच्या वारसांचा. म्हणजे बहिणीला विकायचे झाले तर भावाला आधी विचारावे लागते, आणि भावाला विकायचे झाले तर बहिणीलाही. हे कलम शेतजमिनीलाही लागते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना जावयाची भीती माहीत होती, आणि तिच्यावर त्यांनी कुलूप लावून ठेवले होते.

आणि विधवेचे १४ वे कलम! माझ्या मते सगळ्या कायद्यात याच्याएवढे मोठे दुसरे कलम नाही. बाईच्या हक्काने तिच्या ताब्यात असलेली मिळकत, मग ती कायद्याच्या आधी आलेली असो की नंतर, तिची पूर्ण मालकीची. हयातीपुरती नव्हे. (मृत्युपत्राने किंवा बक्षीसपत्राने मुळातच अट घालून दिलेली मिळकत तेवढी वेगळी.) १६ जून १९५६ ला जी बाई नवऱ्याच्या जमिनीची राखणदार म्हणून झोपली, ती दुसऱ्या दिवशी मालकीण म्हणून उठली.

आता जे जमले नाही तेही सांगितले पाहिजे. मुलाचा जन्मतः हक्क मोडून सगळ्यांना सारखे करावे, असे राव समितीपासून सुचवले जात होते. ते पार पडले नाही. वडिलार्जित जमिनीत मुलाचा जन्महक्क राहिला. मुलीला वाटा मिळाला तो फक्त बापाच्या स्वतःच्या हिश्श्यात. तडजोड होती ती. तडजोड केली नसती तर बिल पुन्हा बुडाले असते, असे ते वृद्ध वकील म्हणाले, आणि बाबासाहेबांच्या वेळचा अनुभव पाहता मला ते पटते.

तडजोड म्हणजे किती एकर, हे हिशेबानेच कळेल. हिशेबाला माझेच घर घेतो. आमच्या वडिलांची वडिलार्जित १८ एकर जिरायत. आम्ही दोघे भाऊ, आणि थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणतो. आई आधीच गेली होती. वडील १९९७ मध्ये गेले. १९५६ च्या कायद्याने आधी मनातल्या मनात वाटणी करायची: बाप आणि दोन मुले असे तीन वाटे, प्रत्येकी ६ एकर. मग बापाचे ६ एकर तीन लेकरांत, प्रत्येकी २. म्हणजे आम्हा भावांना ८-८ आणि आक्काला २. एकाच आईच्या दुधावर वाढलेल्या लेकरांत असा फरक. पण निदान २ एकर तिचे होते.

आम्ही ते २ एकरही तिला दिले नाहीत.

हे लिहिताना हात जड होतो, पण जो माणूस तुम्हाला उपदेश करायला बसला आहे त्याने आपले लपवू नये. १९९८ च्या उन्हाळ्यात आक्काला माहेरी बोलावले. पुरणाचा स्वयंपाक केला, साडी-चोळी केली, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिने कागद वाचला नाही. मी वाचला होता. मी बी.एस्सी. अॅग्री, सहा वर्षे सरकारी नोकरीत, गावोगावी शेतकऱ्यांना शहाणपण सांगत फिरणारा! त्या दिवशी मला त्यात काही वावगे वाटले नाही. गावात सगळे असेच करत होते. कचेरीच्या पायऱ्या उतरताना आक्का एवढेच म्हणाली, "आता दिवाळीला न्यायला येशील न्हवं?"

बहीण सही देते ती जमीन नको म्हणून देत नाही. माहेर हवे म्हणून देते. तिसऱ्या आक्षेपाचे, मायेचे, उत्तर मला त्या पायरीवर मिळायला हवे होते. मिळायला २५ वर्षे लागली.

पाटसकरांकडे परत येऊ. वारसा कायदा झाल्यावर वर्षभरात, जून १९५७ मध्ये, त्यांची मध्य प्रदेशाच्या राज्यपालपदी नेमणूक झाली. फेब्रुवारी १९६५ पर्यंत, म्हणजे साडेसात वर्षांहून अधिक काळ, ते त्या जागी होते. ते राज्य तेव्हा नवे होते. मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि जुन्या मध्य प्रांताचा हिंदी भाग असे चार ठिगळ जोडून शिवलेले. विदर्भ त्यातून निघून आपल्याकडे आला होता. प्रत्येक ठिगळाचा महसुली कायदा वेगळा. ते सारे एक करणारी मध्य प्रदेशची जमीन महसूल संहिता १९५९ मध्ये झाली. आपली महाराष्ट्राची १९६६ ची. अर्थात असल्या कायद्यांचे श्रेय मंत्रिमंडळाचे आणि विधानसभेचे. राज्यपाल हा राज्याचा घटनात्मक प्रमुख. तो मंत्र्यांच्या सल्ल्याने चालतो. घरातल्या वडीलधाऱ्यासारखे त्याचे काम असते. कारभार पोरांनी पाहायचा, पण काही चुकते आहे असे दिसले तर विचारायचे.

राज्यपाल असतानाच त्यांच्यातल्या वकिलाला एक अवघड काम मिळाले, आणि आपल्या उमरगा भागातल्या वाचकांना ते जवळचे वाटेल. आंध्र प्रदेश आणि मद्रास या दोन राज्यांत सीमेवरच्या गावांवरून वाद होता. मध्यस्थ म्हणून पाटसकरांना नेमले. त्यांनी वाद कसा तोडला? जिल्हा किंवा तालुका हा घटक धरला नाही. खेडे हा घटक धरला. त्या खेड्यात जास्त लोक कोणती भाषा बोलतात ते पाहिले, आणि ते खेडे त्या भाषेच्या राज्याला लागून आहे का ते पाहिले. हे तीन नियम. दोन्ही राज्यांनी ते मानले, संसदेत १९५९ साली कायदा झाला, आणि १ एप्रिल १९६० पासून सीमा बदलली. तिरुत्तणीचा भाग मद्रासकडे गेला आणि मद्रासची काही गावे आंध्रकडे.

हाच पाटसकर निवाडा पुढे बेळगाव, कारवार, बिदर आणि भालकीच्या बाबतीत महाराष्ट्राने हाती धरला. खेडे हा घटक धरा, भाषा पाहा, सलगता पाहा, एवढेच आमचे मागणे, असे महाराष्ट्र सांगत आला. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात ही पद्धत घेतली नाही, महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही, आणि २००४ मध्ये आपले सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. आळंद, बसवकल्याणकडे ज्यांच्या सोयरिकी आहेत त्यांना हे दुखणे मी काय सांगावे! मला यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. वारसाच्या कायद्यात या माणसाने कुटुंबातल्या एकेका माणसाचा वाटा मोजला, आणि सीमेच्या निवाड्यात एकेक खेडे मोजले. एक खेडे लहान आहे म्हणून ते तालुक्याच्या ढिगात ढकलून दिले नाही.

सगळीकडे यश आले असे नाही. राज्यपालपद सोडल्यावर १९६५ मध्ये आसामच्या डोंगरी भागासाठीच्या आयोगाचे ते अध्यक्ष झाले. आसामातच राहून त्या भागाला जास्त अधिकार द्यावेत, असा त्यांचा कल होता. तिथल्या डोंगरी पुढाऱ्यांना ते पटले नाही. त्यांना वेगळे राज्य हवे होते, आणि १९७२ मध्ये मेघालय हे पूर्ण राज्य झालेही. इथे पाटसकरांचा अंदाज चुकला असे मला वाटते. त्यानंतर ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. २१ फेब्रुवारी १९७० रोजी ते वारले.

त्यांच्या कायद्यात राहिलेली फट मात्र त्यांच्या मागे भरली गेली, आणि तिला ५० वर्षे लागली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: बायकोच्या नावावर जमीन करा. हजारो शेतकऱ्यांनी ती मनावर घेतली. मग सरकारनेही नवऱ्याबरोबर बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची सोय केली. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलीलाही मुलासारखा जन्महक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. आमच्या आक्काचे लग्न १९८६ चे. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राने देशभर हा हक्क दिला, लग्न झालेल्या आणि न झालेल्या सगळ्या लेकींना. राहत्या घराची वाटणी मुलीने मागू नये असे जे एक कलम होते तेही त्याच वेळी काढले. आणि बाप त्या तारखेला जिवंत असायला हवा की नको, या गोंधळावर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी पडदा टाकला. बाप जिवंत असण्याची गरज नाही, हक्क जन्माने आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर नोंदणीने किंवा कोर्टाच्या हुकमाने झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम.

म्हणजे आज हिशेब केला तर आमच्यासारख्या घरात १८ एकरांचे तीन सारखे वाटे, ६-६-६. आक्काने सही दिलेली असल्याने तिला कायद्याने आता काही मागता येणार नाही. तुमच्या घरात अजून सही झालेली नसेल, तर पुढचे चार शब्द नीट वाचा.

घरात माणूस गेले की तीन महिन्यांच्या आत वारसाची वर्दी तलाठ्याकडे द्या. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण सवयीने तोंडात तलाठीच येते.) मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि प्रतिज्ञापत्र लागते. यादीत लेकींची नावे लपवू नका. बहीण नाहीच असे लिहून दिलेली प्रतिज्ञापत्रे मी पाहिली आहेत. ते खोटे आहे, आणि दहा वर्षांनी भाचा मोठा होऊन कोर्टात गेला की सगळी नोंद उकलते. नोंद ६-क च्या नोंदवहीत होते, नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. मंजूर झाल्यावर उतारा काढून पाहा. लेकीचे नाव भोगवटादारात आले की इतर अधिकारात, ते बघा. वारस असेल तर तिची जागा भोगवटादारात आहे, आणि तसे नसेल तर लेखी हरकत द्या. 'ए.कु.क.' ची नोंद असेल तर तीही काढून सगळ्या वारसांची नावे लावून घेता येतात.

हे सारे कागदाचे खूळ आहे असे कोणाला वाटेल. त्यांनी माझ्याबरोबर एक दिवस फिरावे. आपल्या जिल्ह्यात कर्त्या पुरुषाने जीव दिलेली घरे किती आहेत ते मी सांगायला नको. त्या घरी गेलो की बाई विचारते, साहेब, विहिरीची योजना मिळेल का, ठिबकचे अनुदान मिळेल का, पीककर्ज मिळेल का? मी विचारतो, सातबारा कोणाच्या नावे? ती म्हणते, सासऱ्याच्या, किंवा थोरल्या दिराच्या. तिथे माझी पिशवी रिकामी होते. पेरणी तिने केली, खुरपणी तिने केली, सोयाबीन तिने काढले, आणि योजनेच्या अर्जावर ती कोणीच नाही. १४ वे कलम कितीही मोठे असले तरी उताऱ्यावर नाव नसलेल्या बाईला ते दाखवायचे कुठे?

आक्काचेही तेच झाले. तिचे यजमान २००९ मध्ये गेले. जमीन सासऱ्यांच्या नावे. दोन लेकरे तिने रोजगारावर शिकवली. आमच्याकडे कधी काही मागितले नाही. मी दिवाळीला न्यायला जात होतो, ओवाळणी घालत होतो, आणि माझा मान राहिला असे समजत होतो.

२०२४ च्या जानेवारीत मी माझ्या वाट्यातले २ एकर बक्षीसपत्राने तिच्या नावे केले. १९९७ मध्ये जे तिचे होते, तेवढेच. आजच्या हिशेबाने हे कमी आहे, ते मला कळते. धाकट्या भावाशी बोलणे चालू आहे. तो रागावला होता, आता निदान ऐकून घेतो. आमच्या सौभाग्यवतीनेही दोन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, "मग माझ्या माहेरचं काय?" त्यावर मला उत्तर सुचले नाही. तिने आपल्या भावांना काय विचारायचे ते तिचे तिने ठरवावे, असे मी म्हणालो.

फेरफार मंजूर झाल्यावर उतारा घेऊन मी आक्काकडे गेलो. तिला वाचता येते, पण चष्मा नव्हता, म्हणून नातवाने वाचून दाखवले. भोगवटादारात तिचे नाव होते, माहेरच्या गावच्या गटात, सासरच्या आडनावासकट. तिने दोनदा वाचायला लावले. पाटसकरांची गोष्ट मी सांगितली, ती तिने ऐकली आणि विचारले, "त्यांना लेकी होत्या का?" मला माहीत नव्हते.

त्या २ एकरांत तिने यंदा रब्बीला हरभरा केला. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मला वाटले, काही कागदाचे असेल. तर म्हणाली, घाट्यांना भोके दिसू लागली आहेत, निंबोळी अर्क आता मारू का आणखी चार दिवस थांबू?

मी म्हणालो, थांबू नकोस, आज संध्याकाळीच मार.